उपान्त्य

शब्द सात अक्षरांचा: फे-नो-लो-फ्ता-ले-इ-ना.
आघात शेवटून दुसऱ्यावर, त्या एकट्या इ-वर.
आमच्या भाषेत बहुतेक शब्दांना तिथेच ठेच लागते,
उंबऱ्याच्या एक पाऊल अलीकडे.

तोरुन्यच्या शाळेत, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत
बोगुमिलाबाई लाकडी चिमट्याने टेबल वाजवायच्या.
पाच टिचक्या हलक्या, सहावी जड, सातवी जेमतेम.
माझी जड टिचकी हटकून लो-वर पडायची.
"सेवेरिन, भलत्याच खुंटीला कोट टांगतोस तू."
वर्ग हसायचा.
मला खरंच दिसायचा तो कोट, फरशीवर, बाह्या पसरून.

मग बाई शब्द साफ करायला घ्यायच्या,
मासा साफ करावा तसा, काटा काटा वेगळा.
फेनोल: ह्याच्या मुळाशी उजळणं आहे,
रस्त्यावरच्या दिव्यांच्या गॅसशी त्याचं जुनं नातं.
फ्ताल: हा नाफ्तालिनाचा तुकडा,
तुमच्या आज्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा.
कुणी तरी नाव आखूड करताना डोकंच छाटलं, ना गेलं,
उरलं ते असं, शिंक अडकल्यासारखं.
"पण बघा," बाई म्हणायच्या, "धड कसं सुखाने नांदतंय."

आणि ब्युरेटजवळ, आवाज खाली आणून:
रंग शेवटच्या थेंबाने येतो, मुलांनो,
हात आवरायचा तो त्याच्या आधीच्या थेंबाला.
मी कधीच आवरला नाही.
माझा फ्लास्क नेहमी भडक, जत्रेतल्या सरबतासारखा.
पुढे मी बॉयलर दुरुस्त करायला लागलो.

फेब्रुवारीत बाईंचा उजवा हात गेला
आणि त्याच सकाळी सगळे शब्द.
डॉक्टरांनी काळ्या फिल्मवर पेन टेकवलं:
आघात इथे, डावीकडे, जरासा मागे.
मी उगाच मोजायला लागलो, शेवटून कितवा.

वाचा शिकवायला दोब्रोख्ना येते, वय सव्वीस.
बाईंचा डावा हात हातात घेऊन ती ठेका धरते:
पाणी. चमचा. खिडकी.
बाई खिडकीकडे बघतात. चमच्याकडेही खिडकीसारखंच बघतात.
एका गुरुवारी मी म्हटलं, तो शब्द घेऊन बघ.
"तो मलाच येत नाही," ती म्हणाली,
तरी घेतला, अडखळत, फ्ता-पाशी दोनदा थांबून.
एप्रिल गेला. मे गेला.

जूनमध्ये बाईंचं बोट आपणहून हललं.
पाच हलक्या, सहावी जड, सातवी जेमतेम.
तोंड बंद.
अक्षरं सगळी वाहून गेली होती
आणि ठेका तेवढा राहिला होता,
पूर ओसरल्यावर नदीत पुलाचे खांब राहतात तसा.

मी म्हणालो, मोठ्याने: फेनोलोफ्तालेइना.
मुद्दाम नाही, देवाशपथ, पण आघात लो-वर पडला.
बाईंच्या भुवया चढल्या.
डाव्या हाताची मूठ टेबलावर आपटली, कप नाचला,
आणि तोंडातून, कडेला थोडी लाळ घेऊन, आलं:
ना.

दोब्रोख्नाने वहीत लिहिलं: शेवटचं अक्षर, स्पष्ट.
मला वाटलं, हे ते छाटलेलं डोकं तर नाही?
आमच्याकडे ना म्हणजे नकारही नाही, आर्जवही नाही.
ना म्हणजे घे. कबुतरांना दाणे टाकताना म्हणतात तसं.
बाईंनी रासबेरीची वाटी माझ्याकडे सरकवली होती,
मीच आणलेली, बाजारातून, नऊ झ्वॉतींची.
पुन्हा म्हणाल्या: ना.

तिन्हींपैकी कोणतं, मी विचारलं नाही.
खाल्ल्या. आंबट होत्या.
आंबटात हा रंग टिकत नाही, बाई शिकवायच्या,
पण बोटांवरचा टिकला,
विस्तुलाच्या पुलापर्यंत तरी.